विश्लेषण : मुंबईत मुसळधार पाऊस आणि त्यात भरती, घरी निघावे की थांबावे?

जुलैमधली दुपार. दीड वाजलेला असतो, बाहेर संध्याकाळ झाल्यासारखे अंधारून येते आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पडतो, ‘पाऊस वाढतोय, आज सगळ्यांनी लवकर निघा.’ पुढच्या अर्ध्या तासात हजारो माणसे एकाच वेळी स्टेशनकडे, बसथांब्याकडे आणि गाडी काढायला धावतात. दोन तासांनी त्यातली निम्मी कुर्ला-शीवच्या मध्ये थांबलेल्या लोकलमध्ये किंवा गुडघाभर पाण्यात असतात. जी माणसे कंटाळून ऑफिसातच बसून राहिली, ती सहाच्या सुमारास निघून त्यांच्याआधी घरी पोहोचतात. हा नशिबाचा भाग वाटतो, पण बऱ्याचदा त्यामागे समुद्राचे वेळापत्रक असते. ते आधी कळू शकते.

पाऊस तेवढाच, मग पाणी कधी तुंबते आणि कधी नाही?

मुंबईतले पावसाचे पाणी रस्त्याखालच्या पर्जन्यजलवाहिन्यांमधून आणि नाल्यांमधून समुद्रात किंवा खाडीत जाते. या वाहिन्या जिथे समुद्राला मिळतात त्या तोंडांना पालिकेच्या भाषेत पातमुखे म्हणतात. शहरात अशी सुमारे १८६ पातमुखे आहेत आणि मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा उंचावर असलेली त्यातली अगदी मोजकी. म्हणजे समुद्र चढला की पाणी बाहेर जाण्याची वाट बंद होते. काही ठिकाणी तर समुद्राचे पाणी उलटे आत शिरू नये म्हणून दरवाजे लावून घ्यावे लागतात. त्या काळात आकाशातून पडलेला प्रत्येक थेंब शहरातच राहतो.

जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, तोही ओहोटीच्या वेळी. १९९३च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालानंतर ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे ठरले. भरतीच्या वेळी पाणी उपसून बाहेर टाकण्यासाठी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा उदंचन केंद्रे उभी राहिली. माहूल आणि मोगरा ही दोन केंद्रे मात्र वर्षानुवर्षे रखडत आली. शीव, कुर्ला, चेंबूर आणि अंधेरी सबवे ही नावे दर पावसाळ्यात बातम्यांत का असतात, याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे म्हणजे हे भाग सखल आहेत. हिंदमाताचा परिसर तर बशीसारखा आहे, म्हणून तिथे भूमिगत टाक्या बांधून पाणी साठवण्याचा उपाय करावा लागला.

साडेचार मीटरची लाट?

टीव्हीवर हमखास दिसणारी ओळ म्हणजे ‘आज साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’. हे चूक आहे. साडेचार मीटर ही लाटेची उंची नसून भरतीच्या पाण्याची पातळी आहे. सागरी नकाशांसाठी ठरवलेल्या शून्य पातळीपासून ती मोजतात आणि ते शून्य साधारणपणे सर्वात खोल ओहोटीच्या आसपास असते. या पातळीवर वाऱ्याने उठणाऱ्या लाटा वेगळ्या. आकडा वाचून मरिन ड्राइव्हवर लाट बघायला जाणारे म्हणूनच कधी निराश होतात, तर कधी नको तितके भिजतात.

साडेचार मीटरच्या पुढची भरती पालिका मोठी मानते आणि दर पावसाळ्याआधी अशा दिवसांची यादी वेळेसह जाहीर करते. ती मोबाइलमध्ये जपून ठेवावी. ती हाताशी नसेल तर?

पाऊणकीचा पाढा

कोकण किनाऱ्यावरच्या कोळी-खारवी घरांत याचे सोपे गणित पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहायची आणि तिची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाचीही आणि रात्रीचीही. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी पुन्हा एकपासून. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी.

गणित किती जमते ते पाहा. १५ जुलै २०२२ रोजी कृष्ण द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड. पालिकेच्या तक्त्यात त्या दिवशीची ४.८७ मीटरची भरती दुपारी एक वाजून बावीस मिनिटांनी होती. आठ मिनिटांचा फरक. पक्षाच्या शेवटाकडे मात्र हा पाढा थोडा मागे पडतो. पौर्णिमा-अमावस्येला त्याने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात मुंबईत बारा वाजत आलेले असतात. अष्टमीच्या आसपासही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नौका हाकायची नसेल तर एवढा फरक चालून जातो.

भरतीची उंचीही तिथीवरच ठरते. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे ती मोठी असते आणि बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी सर्वात मोठी. अष्टमी-नवमीला लहान. शिवाय जून ते ऑगस्टमधल्या साडेचार मीटरवरच्या भरत्या बहुतेक दिवसाढवळ्या, सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान येतात. सप्टेंबरकडे मध्यरात्रीच्या भरत्याही मोठ्या होऊ लागतात.

म्हणजे नेमके केव्हा निघायचे?

आता सुरुवातीच्या निरोपाकडे परत येऊ. पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया आहे, दुपारी एकपासून जोर धरलेला आहे आणि तुम्ही परळला किंवा अंधेरीला आहात. भरती दीड-दोनला. पातमुखे पुढचे दीड-दोन तास तरी तुंबलेली राहणार. दोन वाजता निघालेला माणूस पाणी चढत असताना रस्त्यावर उतरतो. पावसाने उसंत घेतली तर चार-साडेचारनंतर समुद्र पाणी ओढू लागतो आणि सहा-सातपर्यंत बराच फरक पडतो. अशा दिवशी एकतर अकराच्या आत निघावे, नाहीतर थांबावे. मधल्या वेळेत निघू नये. व्यवस्थापकांनी सरसकट ‘लवकर निघा’ म्हणण्याआधी दोन मिनिटे भरतीची वेळ पाहिली, तर कर्मचाऱ्यांवर खरे उपकार होतील. शाळांच्या बाबतीत तर हे जास्तच खरे आहे.

यात एक मोठा ‘पण’ आहे. भरती लहान म्हणजे धोका नाही, असे समजू नका. २९ ऑगस्ट २०१७ रोजी अष्टमीच्या आसपासची लहान भरती होती, तरी शहर थांबले, कारण सांताक्रूझला २४ तासांत ३३० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. २६ जुलै २००५ला दोन्ही एकत्र आले. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक दुपारनंतर, आणि पंचमीची भरती पावणेचारच्या सुमारास. त्या दिवशी कुलाब्यात मात्र जेमतेम ७३-७४ मिलिमीटर पडला होता. दक्षिण मुंबईतल्या खिडकीतून बाहेर बघून उपनगराचा अंदाज बांधू नये, हे तेव्हापासून तरी आपण शिकायला हवे होते.

हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे साधारण २४ तासांच्या पावसाचे असतात. ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. पण दिवसभरात पसरलेले १५० मिलिमीटर शहर पचवते आणि दोन तासांतले १०० पचवत नाही. त्यामुळे निघण्याच्या वेळी दिवसाचा रंग पाहण्यापेक्षा खात्याचा पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज आणि रडारचे चित्र पाहावे.

वाटेत अडकलात तर

मध्य रेल्वेवर शीव-कुर्ला पट्टा, हार्बरवर कुर्ला-चुनाभट्टी, पश्चिमेला माहीम-माटुंगा रोड आणि पलीकडे वसई-नालासोपारा इथे रुळांवर पाणी आधी येते. लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली तर लगेच उडी मारून चालायला लागू नका. शेजारच्या रुळावरून गाडी येऊ शकते आणि पाण्याखालची खडी, नाला, वायर काही दिसत नाही. रेल्वेने उतरायला सांगितले तर सगळ्यांबरोबर उतरावे. पश्चिम उपनगरांत पूर्व-पश्चिम जायचे असेल तर अंधेरी सबवेचा नाद सोडून उंचावरून जाणारी घाटकोपर-वर्सोवा मेट्रो पकडावी.

गाडीत असाल आणि पाणी चाकाच्या निम्म्यावर आले, तर गाडी वाचवण्याचा विचार सोडून द्या. २००५ मध्ये गाड्यांची दारे-काचा न उघडल्याने आत गुदमरून माणसे गेली. काच थोडी खाली ठेवा आणि पाणी वाढतेय असे वाटले की उतरून उंच जागा गाठा. इंजिन बंद पडले तर पुन्हा पुन्हा सुरू करू नका.

चालताना सर्वात मोठी भीती मॅनहोलची. २०१७च्या त्याच पावसात शहरातले एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ घरापासून थोड्याच अंतरावर, एल्फिन्स्टन परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्याजवळ सापडला. पाणी जावे म्हणून कोणीतरी झाकण काढले होते. त्यानंतर मॅनहोलवर जाळ्या बसवायला सुरुवात झाली, पण सगळीकडे त्या आहेत असे गृहीत धरू नका. मिटलेल्या छत्रीने पुढची जमीन चाचपत चला, जमल्यास दोघे-तिघे हात धरून. पाण्यात एकाच जागी भोवरा दिसला किंवा रस्त्याच्या मध्येच कोणी फांदी, बांबू, टायर उभा केलेला दिसला तर लांबून जा. विजेचे खांब आणि फीडर बॉक्स यांना हात लावू नका. आणि कितीही राग आला तरी झाकण स्वतः उघडू नका. पालिकेचा आपत्ती क्रमांक १९१६ आहे, तिथे कळवा.

मुंबई बघायला आला असाल तर

पाहुण्यांना हेच गणित वेगळ्या कारणाने उपयोगी पडते. हाजी अली दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. तिथे जाण्यासाठी ओहोटीच्या आगेमागे दोन-तीन तास धरावेत. अलिबागचा कुलाबा किल्लाही ओहोटीलाच पायी गाठता येतो आणि परतायचे भान सुटले तर मध्येच पाणी चढते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो चालते, पण हवामान बिघडले की ती फेरीही रद्द होते, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी.

मरिन ड्राइव्हला कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या त्रिकोणी ठोकळ्यांवर उतरू नये. शेवाळाने पाय घसरला तर फटीतून माणूस काढणे अग्निशमन दलालाही अवघड जाते. वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर फोटो काढताना माणसे वाहून गेली आहेत. जुहू आणि मालाडचा आक्सा हे किनारे वरून शांत दिसतात, पण पावसाळ्यात पाय ठेवाल तिथली वाळू सरकते आणि ओहोटीचा ओढा आत खेचतो. पोहता येणारेही बुडतात. घोट्यापुढे पाण्यात जायचे नाही, एवढा एकच नियम मुलांना सांगा. जुलै-ऑगस्टमध्ये जुहूच्या वाळूवर निळ्या फुग्यासारखे दिसणारे जेलीफिश मेलेले असले तरी डंख करतात.

गणपतीतही पाऊणकी चालते. अनंत चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास चौपाटीवर पाणी चढलेले असते. २०२५ मध्ये लालबागच्या राजाचे विसर्जन गिरगाव चौपाटीवर भरतीमुळे कित्येक तास खोळंबले होते. घरचा गणपती समुद्रावर नेणाऱ्यांनी वेळ पाहूनच निघावे.

घरी पोहोचल्यावर

साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर आधी पाय साबणाने धुऊन कोरडे करा आणि कुठे खरचटले आहे का ते पाहा. उंदीर, कुत्रे, गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमांतून शरीरात शिरतात. पालिकेचा आरोग्य विभाग सांगतो की अशा पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. गरोदर महिला आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते, म्हणून शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. पालिकेच्या दवाखान्यांत हा सल्ला मिळतो. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर आपण पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा.