क्षयरोग्याचें औषध, अन्न आणि शक्तिवर्धकाची बाटली

घाटकोपर-मुलुंडकडील चाळींत एखाद्यास क्षयरोग जडल्याचें समजलें म्हणजे औषधाच्या गोळ्यांपाठोपाठ घरांत शक्तिवर्धकाची बाटलीही येते. ती कितपत उपयोगी, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं नीट समजून घ्यावें.

क्षयाचे जंतू फुप्फुसांत शिरले कीं शरीरांतील भक्षक पेशी त्यांना गिळतात व मारण्यासाठीं प्राणवायूचीं अत्यंत जहाल संयुगें निर्माण करितात. हा अग्नि शत्रूबरोबर घराच्या भिंतीही जाळतो. फुप्फुसाच्या नाजूक पेशींची हानि होते. तो आवरण्याच्या कामीं क व ई हीं जीवनसत्त्वें, जस्त आणि सेलेनियम यांचें साहाय्य लागतें, आणि क्षयरोग्याच्या रक्तांत नेमके हेच पदार्थ बहुधा कमी आढळतात. तेव्हां ते बाटलींतून पाजले कीं काम झालें, असें सहजच मनांत येतें. तर्क सुंदर खरा! पण 2016 सालच्या कॉक्रेन आढाव्यांत, नेहमींच्या गरजेहून अधिक मात्रेनें हे पदार्थ दिल्यानें रोगी लवकर बरे होतात किंवा कमी दगावतात, असा भरंवशाचा पुरावा मिळाला नाहीं. एक गोष्ट मात्र निराळी. आयसोनियाझिड या औषधानें शरीरांतील ब-6 जीवनसत्त्व कमी होऊन हातापायांस मुंग्या येऊं शकतात. त्यासाठीं डॉक्टरांनीं दिलेली गोळी टाळूं नये.

मग अन्नाचें काय? 1959 सालीं प्रसिद्ध झालेल्या मद्रास येथील प्रयोगांत, नियमित औषध घेणारे गरीब रोगी निकृष्ट आहारावरही घरीं राहून जवळजवळ आरोग्यधामांतल्या रोग्यांइतकेच बरे झाले. जंतू मारतें तें औषधच, हें त्यावरून ठरलें. परंतु पुढें आहाराचा विचार, माझ्या मतें, फारच मागें पडला. झारखंडांत 2019 ते 2022 या काळांत झालेल्या प्रयोगानें तो पुन्हां पुढें आणिला. तेथें सर्वच रोग्यांस शिधा मिळे; कांहीं घरांत मात्र रोग्याच्या कुटुंबीयांसही दरमहा माणशीं 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. अशा घरांत क्षयाचे नवे रोगी सुमारें 39 टक्क्यांनीं कमी निघाले. त्या गोळ्या रोजच्या गरजेपुरत्याच होत्या, आणि डाळभाताबरोबर होत्या, हें विसरूं नये.

बाटलीच्या किंमतींत डाळ, शेंगदाणे व अंडीं किती येतील, याचा हिशेब मुलांनींच करून पाहावा. सरकारच्या निक्षय पोषण योजनेंत 2018 पासून रोग्यास आहारासाठीं दरमहा 500 रुपये मिळत; नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले आहेत. ही रक्कम उपचाराच्या काळांत बँकेच्या खात्यांत जमा होते, म्हणून नोंदणीस जातांना पासबुक बरोबर न्यावें.