हिवाळ्यातील फुलझाडे व जमिनीत साचलेले पाणी

वनमहोत्सवाच्या निमित्ताने शाळांच्या व ग्रामपंचायत कार्यालयांच्या आवारांत जास्वंद, गुलाब, मोगरा, तगर आदी फुलझाडांची रोपे उत्साहाने लावली जातात. दिवाळीनंतर त्यांपैकी काही पिवळी पडू लागतात. रोप सुकत आहे अशा समजुतीने त्यास अधिक पाणी घातले जाते आणि थोड्याच दिवसांत ते मरते. अशा वेळी रोप पुष्कळदा तहानेने नव्हे, तर गुदमरून मेलेले असते.

मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. काळी चिकण जमीन ओली झाली की फुगते व तिच्यातील हवेच्या पोकळ्या पाण्याने भरून जातात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. परतीच्या पावसाने भिजलेली अशी जमीन थंडीत लवकर वाळत नाही. झाडांची पाण्याची गरजही कमी झालेली असते. तरीही रोज पाणी देण्याचा उन्हाळ्यातील क्रम चालूच राहिला, तर मुळे कुजतात.

तहानेल्या रोपाखालची माती कोरडी असते. गुदमरलेल्या रोपाची पाने मात्र माती ओली असूनही मलूल होतात. त्याची मुळे पांढरी न राहता काळपट व मऊ होतात, मातीस दुर्गंधी येते. म्हणून पाणी देण्यापूर्वी बोटभर खोल माती तपासावी.

नवी लागवड करण्यापूर्वी एक फूट खोल खड्डा पाण्याने भरावा. ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी शिल्लक राहिल्यास तेथे निचरा अपुरा आहे असे समजावे. अशा जागी शेणखत मिसळून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचे वाफे करावेत व उताराच्या दिशेने चर काढावा. खड्ड्याच्या तळाशी केवळ विटांचे तुकडे घातल्याने पाणी बाहेर जात नाही. खोडालगत मातीची भर देऊन आळे त्याच्याबाहेर करावे. नळाचे सांडपाणी वाफ्यात सोडू नये. मोगऱ्यास तर हिवाळ्यात विश्रांतीच हवी असते.

या उपायांना फारसा खर्च येत नाही. शाळेतील मुलांकडे रोज पाणी घालण्याऐवजी रोज माती पाहण्याचे काम सोपविले, तर पावसाळ्यात लावलेली अनेक रोपे वाचू शकतील.