तितराला हंगाम का नाही?

नागपूरच्या इतवारीतल्या कितीतरी घरांतली मुलं आज अमेरिकेत आहेत. एप्रिल-मे महिन्यात त्यांच्या शेजारीपाजाऱ्यांचे फोटो इकडच्या फोनवर येतात : झाडाला टेकून बसलेला माणूस, मांडीवर बंदूक, पायाशी भला थोरला रानटर्की. मग सराफा ओळीतल्या एखाद्या दुकानात गोष्ट निघतेच. तिकडे शिकारीला रीतसर हंगाम असतो, परवाना मिळतो, तर आपल्याकडे तितराचा, बटेरीचा हंगाम केव्हा उघडतो? उत्तर थोडक्यात द्यायचं तर, उघडत नाही. 1991 पासून भारतात पक्ष्यांच्या शिकारीला हंगामच नाही. पण एवढ्या उत्तरानं समाधान होऊ नये. हंगाम म्हणजे नेमकं काय, तो कशावर उभा असतो आणि आपल्याकडे तो का मोडला, हे नीट पाहिलं तर कायदा जास्त चांगला कळतो.

आधी टर्कीचं बघू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी अमेरिकेच्या बहुतेक राज्यांतून जवळजवळ संपला होता. जंगलं तुटली होती आणि शिकारी बाजारासाठी पक्षी मारत होते. मिसूरी राज्यानं 1937 साली टर्कीची शिकार साफ बंद केली. पुढं तोफेसारख्या नळ्यांनी उडवायची मोठी जाळी आली. त्या जाळ्यांनी रानातले पक्षी धरून, ते जिथून नाहीसे झाले होते त्या भागांत नेऊन सोडण्यात आले. मिसूरीत 1960 साली शिकार पुन्हा उघडली, तीही फक्त तीन दिवस आणि मोजक्या परगण्यांत. आज त्या देशात रानटर्की लाखांनी आहेत. या कामाला पैसा मिळाला तो 1937 च्याच एका कायद्यातून : बंदुका आणि काडतुसं यांच्यावर कर लावायचा आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना द्यायचा.

वसंतातल्या त्या हंगामाचे नियम राज्याराज्यात वेगळे असले तरी त्यांची घडण एकच आहे. मारायचा तो नरच. छातीवर लोंबणाऱ्या राठ केसांसारख्या झुपक्यावरून तो ओळखायचा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बसता येतं, आणि पुष्कळ ठिकाणी दुपारी शिकार थांबवावी लागते. परवान्याबरोबर मोजके बिल्ले मिळतात. पक्षी पडला की बिल्ला लावायचा आणि खात्याला कळवायचं. या आकड्यांवरून पुढच्या वर्षीचे नियम ठरतात. मांस शिकाऱ्यानं घरी खावं, बाजारात विकता येत नाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो; त्याच्याकडे पुन्हा येऊ.

पण शिकार वसंतात, म्हणजे ऐन विणीच्या दिवसांत कशी चालते? कारण टर्कीच्या नराला संसार नसतो. तो फुलून नाचतो, ओरडतो, अनेक माद्यांशी जुळतो, आणि त्याचं काम तिथंच संपतं. घरटं करणं, अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं, हे सगळं मादीचं. माद्या अंड्यांवर बसू लागल्यानंतर काही नर गेले तरी त्या वर्षीच्या पिल्लांचं फारसं बिघडत नाही. शिकारी मादीचा आवाज काढतो, नर त्या आवाजाकडे येतो, आणि नियम त्यातला एखादा नेऊ देतात. पक्ष्याची रीत पाहून तो हंगाम आखलेला आहे.

आता आपला करडा तितर बघा. इतवारीतून एके काळी निघणाऱ्या नॅरोगेज रेल्वेच्या वाटेवर, कुही, उमरेड, भिवापूरच्या शिवारात, धुऱ्याधुऱ्यांवर तो आजही आहे. पहाटे शिवारात उभं राहिलं की एका धुऱ्यावरून हाक उठते, दुसऱ्यावरून तिला उत्तर येतं, आणि हळूहळू सगळं शिवार बोलू लागतं. हा पक्षी जोडीनं राहतो. वीण साधारण उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत चालते. बोरीच्या किंवा गवताच्या आडोशाला जमिनीवरच जरासा खळगा, त्यात अंडी. पिल्लं निघाली की नर त्यांच्यासोबतच राहतो. कुत्रं किंवा माणूस जवळ आलं की पिल्लं जागच्या जागी दबून बसतात, समोर असूनही दिसत नाहीत. नर-मादी दोघंही जवळपास घुटमळत राहतात. या पक्ष्यातला नर विणीच्या दिवसांत मारला, तर पिल्लांचा राखणदार जातो.

आणि त्याला धरायची आपल्याकडची जुनी पद्धत नेमकी त्याच दिवसांत चालणारी होती. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून धुऱ्यावर ठेवायचा. भोवती घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फास एका ओळीत मातीत रोवायचे, इतके बारीक की दोन पावलांवरूनही दिसू नयेत. पिंजऱ्यातला तितर हाक देतो. त्या जागेचा मालक असलेला रानातला नर हे सहन करत नाही. मान ताठ करून, पिसं फुगवून तो धावत येतो आणि पाय फासात अडकतो. टर्कीचा शिकारी करतो तेच हे, आवाजानं नराला बोलावणं. पण टर्कीच्या बाबतीत जे नियमात बसतं, ते इथं एक घर मोडून जातं. असे फास लावून पोट भरणाऱ्या फासेपारध्यांना पक्ष्यांचं हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होतं, आणि ते फार बारीक ज्ञान आहे. त्यांच्यावर नुसता गुन्हेगारीचा शिक्का मारून वर्षानुवर्षं त्यांना हाकललं गेलं, हे चुकीचं झालं.

कायद्यानं पहिलं पाऊल टाकलं ते रानात नव्हे, बाजारात. 1887 च्या रानपक्षी संरक्षण कायद्यानं नगरपालिका आणि छावण्यांना अधिकार दिला की त्यांनी आपल्या हद्दीपुरता विणीचा काळ ठरवावा आणि त्या काळात नुकताच मारलेला किंवा धरलेला रानपक्षी जवळ बाळगण्यावर, विकण्यावर बंदी घालावी. नागपूरची नगरपालिका 1864 ची. म्हणजे इतवारीसारख्या बाजारात काय विकलं जातं, यावर देखरेख करायची सोय कायद्यात तेव्हाच झाली होती. पुढं 1912 चा कायदा आला. बंद काळ ठरवायचं काम त्यानं प्रांतिक सरकारांकडे दिलं. त्याच्या यादीत तितर, लावा, बटेर, रानकोंबडे, मोर, माळढोक, पाणबदकं सगळे होते. पहिल्या गुन्ह्याला 50 रुपयांपर्यंत दंड. पीक वाचवण्यासाठी केलेली शिकार मात्र वगळलेली होती, आणि त्या मोकळ्या दारातून किती पक्षी गेले असतील, याची कल्पना करता येते.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही शिकारीचा हंगाम होताच, हे आज फार थोड्यांना ठाऊक असतं. लहान शिकारीचा परवाना होता, मोठ्या शिकारीचा होता, सापळे लावण्याचा वेगळा होता. त्या कायद्यातली शिकारीवरच्या निर्बंधांची कलमं वाचली की त्या काळी शिकारी काय काय करत असत ते कळतं, कारण जे चालत होतं तेच त्यांत मना केलेलं होतं. मोटारीतून शिकार नको. रात्री नको. दिव्याचा झोत टाकून नको. पाणवठ्यावर आणि मिठाच्या चाटणावर नको, फक्त भटतितर आणि पाणपक्षी सोडून. कुत्र्यांची मदत नको, पण पाणपक्षी, चकोर, तितर आणि बटेर यांच्यासाठी चालेल. मादी आणि पिल्लं मारायची नाहीत. दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीत त्याच्या संमतीशिवाय जायचं नाही. बंद काळात मुळीच नाही.

कलमं चांगली होती. ती चालली नाहीत याचं कारण माझ्या मते एकच : मोजणी नव्हती. कुठल्या तालुक्यात तितर किती, यंदा किती मारले गेले, याची विश्वासानं घेता येईल अशी नोंदच नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत जीप आल्या, दिव्याचे झोत आले, पीकसंरक्षणाच्या नावानं बंदुका गावोगाव पोचल्या. ज्या हंगामाला आकड्यांचा आधार नाही, तो नुसत्या तारखांचा कागद राहतो. 1991 च्या दुरुस्तीनं, 2 ऑक्टोबरपासून, हे परवान्यांचं सगळं प्रकरणच कायद्यातून काढून टाकलं. मला ते बरोबर वाटतं. मोजता येत नसेल तर थांबणं हाच प्रामाणिक नियम.

आज शिकार या शब्दाची कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे. मारणं तर आहेच. फास लावणं, सापळा लावणं, आमिष टाकणं, हाकणं, विष घालणं, अंडी किंवा घरटं मोडणं आणि यांतलं काहीही करायचा नुसता प्रयत्न, हे सगळं शिकारच. 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, कायद्याला जोडलेल्या याद्या, म्हणजे अनुसूच्या, चारच उरल्या. मोर, माळढोक पहिल्या अनुसूचीत. तितर-लाव्यांसारखे नेहमी दिसणारे पक्षी दुसऱ्या अनुसूचीत. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल, किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर कमीत कमी तीन वर्षं, सातपर्यंत, आणि दंड किमान 25,000 रुपये. म्हणजे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीत साधा तितर धरला तरी शिक्षा या वरच्या पायरीची.

अपवाद आहेत, पण मोजके, आणि तेही बहुतेक लेखी परवानगीचे. माणसाच्या जिवाला धोका असेल, प्राणी बरा न होण्याइतका जखमी किंवा आजारी असेल, किंवा दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी पीक उद्ध्वस्त करत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक, आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी नेमलेला अधिकारीही, आदेश देऊ शकतो. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी रानडुक्कर आणि रोही यांच्याबद्दल जे ऐकू येतं, ते या तरतुदीचं. तो शिकारीचा हंगाम नव्हे; त्या शेतापुरता, त्या नुकसानीपुरता दिलेला तो आदेश असतो. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय आपल्याच नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे.

आता पुन्हा बाजार. कायद्याच्या 39 व्या कलमानुसार शिकार केलेला किंवा बेकायदा बाळगलेला वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता. 57 वं कलम त्याहून कडक आहे. पक्षी किंवा त्याचं मांस तुमच्या ताब्यात सापडलं, तर ते बेकायदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. 'मी तर फक्त विकत घेतलं' हा बचाव इथं उपयोगी पडत नाही. अमेरिकेनं रानटर्कीचं मांस बाजारातून काढलं आणि पक्षी वाचला. आपल्याकडेही तितर वाचवायचा असेल तर गिऱ्हाईकच मागं हटायला हवं, असं मला मनापासून वाटतं. फासात अडकलेल्या पक्ष्याची किंमत शेवटी शहरातल्या ताटावर ठरते.

बटेर खायचीच असेल तर शेतावर वाढवलेली जपानी बटेर कायदेशीर वाटेनं मिळते. ती 1974 साली बरेलीजवळच्या इज्जतनगरला कुक्कुट संशोधनासाठी आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. दिसायला ती रानातल्या बटेरीसारखीच, म्हणूनच तिच्या आडून रानातला माल खपवता येतो. शेताची पावती मागावी. पावती नाही म्हटलं की घेऊ नये.

आणि गल्लीत कुणी पिशवीतून तितर, मुनिया किंवा पोपट काढून दाखवला तर? दया येऊन सोडून देण्यासाठीही विकत घेऊ नका. ती खरेदी गुन्हाच ठरू शकते, आणि विकणारा उद्या दुप्पट पक्षी धरून आणतो. वन विभागाचा 1926 हा टोल फ्री क्रमांक आहे. जागा, वेळ, पक्षी कोणता, किती, एवढं सांगायचं. जखमी पक्षी तुमच्या हाती आला असेल तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. उपचाराची सोय सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये आहे. तक्रारीवर काहीच हालचाल झाली नाही, तर 55 व्या कलमाखाली 60 दिवसांची नोटीस देऊन कुठलाही सामान्य नागरिक स्वतः न्यायालयात फिर्याद दाखल करू शकतो.