क्रॉफर्ड मार्केट : एक त्रुटित पोथी

पोथीचें पहिलें पान व शेवटची पुष्पिका हातीं आली, पण मधलीं पानें गहाळ असलीं, तर आपण तीस त्रुटित म्हणतों. जुन्या बाजारपेठांचा पुनर्विकास होतांना पुष्कळदां हाच प्रकार घडतो; मात्र दर्शनी भाग शाबूत असल्यामुळें तेथील त्रुटि कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मुंबईचें क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे हल्लींची महात्मा जोतिबा फुले मंडई, हिचा या दृष्टीनें विचार करण्याचें योजिलें आहे.

मंडईची इमारत १८६९ सालीं पुरी झाली. शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचें नांव तीस मिळालें. आराखडा विल्यम एमर्सन यांचा. प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांचीं उठावशिल्पें व आवारांतील कारंजावरील कोरीव काम लॉकवुड किपलिंग यांचें. भिंतींस कुर्ल्याचा पिंवळसर व वसईकडील तांबडा दगड लागला. फरशी मात्र स्कॉटलंडांतील केथनेसहून आली. १८८२ सालीं येथें विजेचे दिवे लागले.

कोणी विचारील कीं, शिल्पी इंग्रज, फरशी स्कॉटलंडची, मग यांत स्थानिक तें काय? आमचें उत्तर असें कीं, स्थानिकपण केवळ उगमानें येत नाहीं, वहिवाटीनें येतें. फळें कोठें, भाजी कोठें, मांसमासळी किती अंतरावर, हमाल कोणत्या वाटेनें येणार, हा क्रम पिढ्यान् पिढ्या ठरत गेला. मंडईचा मजकूर हाच. दगडी दर्शनी भाग हें त्याचें मुखपृष्ठ.

या शतकाच्या दुसऱ्या दशकांत महानगरपालिकेनें पुनर्विकासाचें काम टप्प्याटप्प्यानें हातीं घेतलें. मुख्य इमारतीचा जीर्णोद्धार करावा व आवारांतील दुय्यम बांधकामें पाडून तेथें नवी इमारत उभारावी, अशी ती योजना. विक्रेत्यास कोरडी व स्वच्छ जागा हवी, हा पूर्वपक्ष आम्हांस मान्य आहे. मूळ मंडईही शहराच्या स्वच्छतेच्या हेतूनेंच बांधली गेली होती. आमचा आक्षेप एवढाच कीं, वारसा म्हणून मुखपृष्ठ राखावयाचें व मजकूर नोंद न करितां टाकून द्यावयाचा, ही रीत संशोधकास मानवणारी नव्हे.

यास्तव वाचकांस विनंति आहे. अशी कोणतीही जुनी पेठ पाडली जाण्यापूर्वीं तिचें मोजमाप घ्यावें. गाळ्यांचा क्रम व विक्रेत्यांच्या तोंडीं असलेलीं रांगांचीं नांवें लिहून ठेवावीं. जुन्या वह्या, भाडेपावत्या, दरपत्रकें व छायाचित्रें यांच्या नकला मिळवाव्या. प्रत्येक कागदावर, पोथीवर आपण घालतों त्याप्रमाणें, प्राप्तिस्थान व दिनांक घालावा. आपल्या दप्तरांत अशा दुकानवह्या रद्दीसमान म्हणून बाजूस पडल्या असतील, तर त्या आधीं पाहाव्या. पाडलेली भिंत नकाशावरून पुनः उभारतां येईल. न लिहिलेली वहिवाट जाणत्यांच्या मागें कोणास सांगतां येणार नाहीं.