पांखरांची स्मरणशक्ति : उपजत कीं संपादित ?

एखादें मूल हुशार निघालें कीं घरांतील वडील मंडळी म्हणतात, "आजोबांवर गेलें"; शिक्षक म्हणतात, "आम्हीं शिकविलें." हा वाद वर्गांत कधीं मिटत नाहीं, हें मीं जन्मभर पाहिलें आहे. परंतु अमेरिकेंतील एका पर्वतावरच्या चिमुकल्या पांखरांपुरता तो पुष्कळसा मिटत आला आहे. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

कॅलिफोर्नियांत सिएरा नेवाडा नांवाची पर्वतांची रांग आहे. तिच्यावरील देवदारासारख्या झाडांच्या अरण्यांत माउंटन चिकाडी हा पक्षी बारमाही राहतो. वजन अवघें अकरा ग्रॅम, म्हणजे पुरतें तोळाभरही नाहीं. हिंवाळ्यांत सर्वत्र बर्फ सांचतें, तरी हा देशांतर करीत नाहीं. थंडीपूर्वीं तो झाडांच्या बिया वेंचतो आणि सालींच्या फटींत, फांद्यांच्या बेचक्यांत, एक येथें तर एक तेथें, अशा हजारों जागीं लपवितो. एकच कोठार केलें आणि तें लुटलें गेलें, तर सर्वच आटोपलें ! मात्र या शहाणपणाची किंमत अशी कीं, काय कोठें ठेविलें हें ध्यानांत राहिलें पाहिजे.

नेवाडा विद्यापीठांतील प्राध्यापक व्लादिमिर प्रावोसुदोव्ह आणि त्यांचे सहकारी रानांतच या पक्ष्यांची परीक्षा घेतात. एका चौकटीला दाण्यांच्या आठ पेट्या लावलेल्या असतात. प्रत्येक पक्ष्याच्या पायांतील कड्यांत त्याची ओळख पटविणारी बारीक खूण बसविलेली असते. पक्षी पेटीवर बसला कीं यंत्र त्यास ओळखतें, आणि ती पेटी त्याच्यासाठीं नेमलेली असेल तरच दार उघडतें. आपली पेटी गांठण्यापूर्वीं तो किती भलत्या पेट्यांवर बसला, एवढेंच मोजावयाचें. मला ही परीक्षा फार आवडली. येथें नक्कल नाहीं, परीक्षकाची मर्जी नाहीं, आणि बक्षीस तत्काळ चोंचींत पडतें.

सुमारें २,४०० मीटर उंचीवर राहणारे पक्षी सुमारें १,९०० मीटरवरील आपल्या भाऊबंदांपेक्षां या परीक्षेंत कमी चुका करतात. वर हिंवाळा अधिक लांब आणि अधिक कडक असतो. मेंदूच्या हिपोकॅम्पस या भागाचा जागांच्या स्मरणाशीं निकट संबंध आहे. तोही वरच्या पक्ष्यांत मोठा असून त्यांत मज्जापेशी अधिक असल्याचें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें.

येथें आपण विचाराल, हा केवळ सरावाचा परिणाम कशावरून नसेल ? शंका रास्त आहे. तिचें उत्तर याच पक्ष्याच्या एका जातभाईवरील प्रयोगांत मिळतें. अतिशीत अलास्का आणि त्या मानानें उबदार कॅन्सस, या दोन प्रांतांतील पिलें आणून, एकाच जागीं, एकाच रीतीनें माणसांनीं वाढविलीं. २०१२ सालचा त्या प्रयोगाचा निष्कर्ष असा कीं, अलास्काचीं पिलें स्मरणांत सरस ठरलीं आणि त्यांच्या हिपोकॅम्पसमध्यें मज्जापेशीही अधिक आढळल्या. बर्फाचा हिंवाळा त्यांनीं पाहिलाही नव्हता !

एवढ्यानें उत्क्रांति सिद्ध होत नाहीं. डार्विनचा निसर्गनिवडीचा सिद्धांत लागू पडावयास गुण आनुवंशिक हवा, आणि त्या गुणावर जगणें अथवा मरणें अवलंबून हवें. दुसरी गोष्ट सिएरा नेवाडांत २०१९ सालीं दाखविण्यांत आली : जन्मल्यावरचा पहिला हिंवाळा कोण पार पाडतो, तर ज्या पिलांची स्मरणशक्ति अधिक चांगली त्यांची तगण्याची शक्यता अधिक. २०२४ सालीं २२७ पक्ष्यांच्या नोंदींवरून असेंही दिसलें कीं, सर्वांत चांगले स्मरण असलेले पक्षी सर्वांत वाईट स्मरण असलेल्यांहून सुमारें दोन वर्षें अधिक जगतात. एवढ्याशा पांखराला दोन वर्षें म्हणजे केवढी मिळकत ! आनुवंशिक गुणांचे वाहक जे जनुक, त्यांचा शोधही लागत आहे. २०२२ सालीं ४२ पक्ष्यांची संपूर्ण जनुकीय लिपी वाचून स्मरणशक्तीशीं तिचा संबंध तपासला, तेव्हां हा गुण एकाच जनुकाचा नसून अनेकांच्या सहकार्याचा आहे असें आढळलें.

परंतु अमुक बी अमुक फटींत आहे, हें कोणताही जनुक सांगत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच शिकावयाचें. वारशानें येते ती शिकण्याची पात्रता. आणि येथें परीक्षा झाली ती जागा लक्षांत ठेवण्याची, सर्व प्रकारच्या बुद्धीची नव्हे. तेव्हां या पांखरांचा दाखला देऊन कोणीं आपल्या मुलांच्या कपाळीं "ढ" असा शिक्का मारूं नये, ही माझी आग्रहाची विनंति आहे.

पाठांतरांत पहिला येणारा विद्यार्थी प्रश्न जरा फिरवून घातला कीं गोंधळतो, हें शिक्षकांना ठाऊक आहे. संशोधकांनींही असाच प्रश्न फिरविला. पक्षी आपली पेटी पक्की शिकल्यावर त्यांनीं ती बदलून दुसरी नेमली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निकालांत क्रम उलटला : उंचावरचे पक्षी मागें पडले. जेथें हिंवाळा दरवर्षीं हटकून कडक येतो, तेथें लपविलेलें न विसरण्यांतच हित आहे, आणि पक्कें बसलेलें स्मरण सहज पुसलें जात नाहीं, असा त्याचा अर्थ लावितात. खालच्या रानांतील पक्षी नवी पेटी लवकर आपलीशी करतात. वरच्यांना मात्र जुनी सोडवत नाहीं, आणि दार उघडत नसतांही ते पुनः तिच्यावरच येऊन बसतात.