सुई कोणाच्या हातात?

दंडावर ‘जय भीम’, अशोकचक्र वा पिंपळपान गोंदवून घेणाऱ्या आपल्या तरुणांना ‘फॅशनवाले’ म्हणून हिणवले जाते. हिणवणाऱ्यांनी आधी इतिहास तपासावा.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात उच्चवर्णीयाच्या आसनावर बसू पाहणाऱ्या शूद्राच्या कमरेवर डाग देऊन त्याला हद्दपार करण्याची शिक्षा आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ जाळण्यात आला. वृत्ती मात्र जळाली नाही. ब्रिटिशांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या सांसी जमातीतील महिलांच्या कपाळावर १९९३ साली अमृतसरच्या पोलिसांनी ‘जेबकतरी’ असे गोंदले. त्या पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडले!

छत्तीसगडच्या रामनामी समाजाने मात्र सुई स्वतःच्या हाती घेतली. मंदिराची दारे बंद, म्हणून त्यांनी अंगभर रामनाम गोंदवले. ते बंडच होते. शब्द मात्र दार बंद करणाऱ्यांचाच राहिला.

‘जय भीम’ कोणत्याही मंदिराचे दार ठोठावत नाही. ज्या कातडीवर व्यवस्थेने डाग दिले, तिच्यावर आता आपण आपली ओळख लिहितो आहोत. फक्त बांधवांनो, दंडावरचे नाव वागण्यातही दिसू द्या. बावीस प्रतिज्ञांना गोंदणाचा पर्याय नाही.