टर्की, कोंबडी आणि विजेचा धक्का

रुग्णालयाने बाद केलेला जुना डिफिब्रिलेटर हाती लागला, की काही हौशी मंडळींना मांसाच्या तुकड्यावर त्याचा धक्का देऊन पाहण्याची लहर येते. तुकडा शिजेल, निदान उसळेल, ही अपेक्षा. तसे फारसे काही घडत नाही. अशा यंत्राचा मोठ्यात मोठा धक्का साधारण 360 ज्यूलचा. तेवढ्या ऊर्जेने अर्धा कप पाणी जेमतेम एका अंशाने तापते.

हा खेळ यंत्राहून पुष्कळ जुना आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन विजेच्या धक्क्याने टर्की पक्षी मारीत असे. असे मांस विलक्षण मऊ लागते, असे त्याचे मत होते. वीज साठवण्यासाठी तो काचेच्या ‘लायडन बरण्या’ वापरी. 23 डिसेंबर 1750 रोजी पाहुण्यांच्या गप्पांत त्याचे लक्ष विचलित झाले आणि टर्कीसाठी साठवलेला धक्का त्यालाच बसला. त्याच्या छातीचे हाड पुढे आठवडाभर दुखत होते. आजच्या डिफिब्रिलेटरमधील कपॅसिटर हा त्या बरणीचाच वंशज. यंत्राची वायर काढून ठेवली असली तरी त्यात वीज शिल्लक राहू शकते. म्हणून असे जुने यंत्र घरात कुतूहलापोटीही उघडू नये. नातवंडांच्या हाती तर मुळीच देऊ नये.

पुढे 1775 मध्ये डेन्मार्कचे पशुवैद्य पीटर आबिल्डगार्ड यांनी कोंबडीच्या डोक्याला धक्का दिला. ती निपचित पडली. डोक्यालाच पुन्हा धक्के देऊन उपयोग झाला नाही. छातीला देताच मात्र ती उठून चालू लागली! बिचारीवर हा प्रयोग पुनःपुन्हा झाला. ती खरोखर मेली होती की केवळ मूर्च्छित, याविषयी मला शंकाच आहे. पण धक्का छातीला द्यावा, हे त्यांना दिसले. माणसाच्या हृदयावर तो यशस्वी व्हायला 1947 साल उजाडले. क्लीव्हलँडमध्ये डॉ. क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेत छाती उघडलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हृदयालाच धक्का दिला आणि तो वाचला.

धक्का प्राण ओतत नाही. हृदयाचे खालचे कप्पे नुसतेच थरथरू लागले, की रक्त पुढे ढकलले जात नाही. धक्का ती थरथर एकदम थांबवतो. मग हृदयाची स्वतःची लय परतण्यास वाव मिळतो. चित्रपटांत पडद्यावरची रेघ सरळ झाल्यावर धक्का देतात, ते खरे नव्हे. तिथे थांबवायला थरथरच उरलेली नसते.

या थरथरीत मदतीविना सरणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून घरातील व्यक्ती अचानक कोसळली, हाकेला ओ देत नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा नुसतीच धाप लागल्यासारखे आचके येत असतील, तर 108 वर फोन लावावा आणि लगेच छाती दाबू लागावे. व्यक्तीला कठीण जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवून, कोपरे ताठ ठेवून, मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबावे. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. सोसायटीत स्वयंचलित यंत्र असेल तर दुसऱ्याला आणायला पाठवावे. ते बोलून सूचना देते आणि गरज नसल्यास धक्का देतच नाही.

आजी-आजोबांच्या ठिसूळ हाडांची भीती वाटून अनेकांचे हात अडखळतात. दाबताना बरगडी मोडल्याचा आवाज येईलही. तरी थांबू नये. बरगडी पुढे सांधते.